सोसायटीची फोन-यादी नव्याने: प्रकल्प नोंदी, पाचपाखाडी, ठाणे

काम असं: चार इमारती, प्रत्येकी सात मजले, मजल्यावर सहा घरं, म्हणजे १६८ फ्लॅट. रहिवाशांचे नंबर, ज्येष्ठांच्या मुलाबाळांचे तातडीचे नंबर, प्लंबर, लिफ्टवाले, दवाखाने हे सगळं एका शीटमध्ये आणायचं. त्यातून चार लॉबी, चार लिफ्ट आणि वॉचमनची केबिन यांच्यासाठी नऊ बोर्ड करायचे. अंदाज दोन शनिवार-रविवारचा होता, लागले आठ आठवडे. वेळ कुठे गेला ते पुढे लिहिलंय. हेच काम हाती घेणाऱ्यांनी निदान याच खड्ड्यांत पडू नये.

खऱ्या नंबरांचे आकडे × ने झाकले आहेत. इथे आकडे मराठीत असले तरी शीटमध्ये आणि बोर्डवर इंग्रजीच ठेवायचे. कारण १५ जूनच्या नोंदीत आहे.

७ जून २०२५

फॉर्म वाटले. कागदी फॉर्म, कारण ऑनलाइन फॉर्म ज्येष्ठांकडून भरून येत नाही आणि तातडीचे नंबर नेमके त्यांचेच हवेत. फॉर्मवर ‘फोन नंबर’ असं लिहून पुढे एक मोकळी रेघ मारली होती. ही पहिली चूक.

रेघेवर काय काय आलं: ‘२५४०××××/५१’. जुन्या पद्धतीचं हे लिखाण आहे. दुसऱ्या नंबरचे शेवटचे दोन आकडे तेवढे ५१, बाकी सगळं आधीच्या नंबरसारखंच. ज्याला हे माहीत नाही तो ५१ हे एक्सटेन्शन समजतो. ‘०२२ (ऑ.) मुलाचा’ असं लिहिलेल्या एका फॉर्मवर नंबर कोडानेच संपला होता. काहींनी मोबाईलच्या आधी शून्य लावलं, काहींनी ९१, दोघांनी ०९१.

पुन्हा छापला. या वेळी मोबाईलला दहा चौकटी आणि लँडलाइनला दहा चौकटी. ही दुसरी चूक. लोक लँडलाइन ०२२ पासून लिहायला लागतात: तीन आणि आठ, अकरा आकडे. दहाव्या चौकटीनंतर जागा संपली की शेवटचा आकडा सरळ गळतो, आणि कागदाकडे बघून कळतही नाही. एकवीस फॉर्म असे निघाले.

तिसऱ्या फॉर्मला लँडलाइनसाठी अकरा चौकटी ठेवल्या, पहिल्या चौकटीत ० आधीच छापला, आणि ‘कोडासकट लिहा’ एवढंच सांगितलं. हा चालला. तिसरा फॉर्म फक्त लँडलाइनवाल्यांना दिला, साठ प्रती. झेरॉक्सचा तीन वेळचा खर्च ७९२ रुपये.

१४ जून

१५१ फॉर्म परत आले. ते आणि २०१४ ची छापील यादी अशी दोन ठिकाणची माहिती दोन लॅपटॉपवर टाइप केली. एक्सेल उघडलं आणि लगेच नंबर टाइप करायला घेतले. पूर्ण संध्याकाळ वाया गेली.

एक्सेलला फोन नंबर ही रक्कम वाटते. ०२२२५…… टाइप केलं की पुढचं शून्य जातं. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढच्या दोन गोष्टी तितक्याशा माहीत नसतात.

एक: नंबर अधिक चिन्हाने सुरू केला की एक्सेल त्याला सूत्र समजतं. +९१ च्या पुढे आडवी रेघ असेल तर ते चक्क वजाबाकी करतं. कुणाचाही मोबाईल नसलेला नंबर घेऊन दाखवतो: +९१-५०००० १२३४५ हा मधली जागा न सोडता टाइप केला, तर खणात -५०००० १२२५४ उमटतं. शेवटचे तीन आकडे बदललेले आणि पुढे वजा चिन्ह. ३७ ओळींत हे झालं होतं. टाइप करणाऱ्याची नजर कागदावर असल्यामुळे दिसलं नाही. हे मात्र परत मिळवता येतं. शेजारच्या रकान्यात ९१ वजा तो खण असं सूत्र घातलं की मूळ नंबर येतो.

दोन: ९१ धरून बारा आकडे सलग टाइप केले की खणात ‘ई’ अक्षरवाली संक्षिप्त रक्कम दिसते. एक्सेल फाइलमध्ये आत पूर्ण आकडा शाबूत असतो, पण फाइल सीएसव्ही (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) म्हणून सेव्ह केली की दिसतं तेच लिहिलं जातं. दुसऱ्या लॅपटॉपवर पाठवताना नेमकी सीएसव्ही केली होती. २२ नंबरांचे शेवटचे आकडे शून्य होऊन गेले, ते कायमचेच. कागदावरून पुन्हा टाइप केले.

नियम ठरला: टाइप करायच्या आधी पूर्ण रकाना निवडायचा आणि फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करायचा. नंतर केलेलं उपयोगी पडत नाही, गेलेलं शून्य परत येत नाही. सीएसव्ही आली तर तिच्यावर डबल क्लिक करायचं नाही. डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ ने आणायची आणि नंबरचा रकाना टेक्स्ट म्हणून सांगायचा.

१५ जून

जुनी आणि नवी यादी जुळवायला घेतली. डोळ्यांना सारखे दिसणारे नंबर एक्सेलला वेगळे वाटत होते. कारणं दोन निघाली.

पहिलं, देवनागरी आकडे. काहींनी मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून नंबर पाठवले होते. ‘९’ आणि इंग्रजी नऊ हे संगणकाच्या लेखी दोन वेगळी अक्षरं आहेत. एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारं ‘सबस्टिट्यूट’ सूत्र दहा वेळा एकात एक घालून सगळे इंग्रजी करून घेतले. हातानं लिहिलेल्या फॉर्मवर याहून वाईट: मराठी १ इंग्रजी नऊसारखा वाचला जातो आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा. एकाच नंबरात अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी आकडे लिहिणारेही आहेत. असे आठ नंबर वाचताच आले नाहीत. ते अंदाजाने भरले नाहीत, ‘विचारायचे’ असा शेरा मारून बाजूला ठेवले.

दुसरं, न दिसणारी अक्षरं. व्हॉट्सअ‍ॅपमधून कॉपी केलेल्या नंबरच्या दोन्ही टोकांना कधी कधी लेखनाची दिशा सांगणारी अदृश्य चिन्हं येतात. जादा जागा आणि नको ती अक्षरं काढणारी ट्रिम आणि क्लीन ही दोन्ही सूत्रं त्यांना हात लावत नाहीत. ओळखायचं अक्षरं मोजणाऱ्या ‘लेन’ सूत्राने: +९१, जागा, पाच आकडे, जागा, पाच आकडे ही १५ अक्षरं. लेन १७ दाखवत असेल तर पाहुणे आत आहेत. नोटपॅडमध्येही ते जात नाहीत. शेवटी आकडे सोडून बाकी सगळं उडवणारं सूत्र गूगल शीटमध्ये एकदा चालवलं आणि तिथून परत आणलं.

या टप्प्यावर शीटमध्ये ४३१ नंबर होते.

२१ जून

लँडलाइनचे कोड. इथे सगळ्यात जास्त वाद झाला आणि सगळ्यात मोठी चूकही इथेच.

कोड नसलेले लँडलाइन बरेच होते. ‘सगळे ठाण्याचेच आहेत’ असं म्हणून एका झटक्यात सगळ्यांपुढे ०२२ लावला. पत्त्यात जिल्हा ठाणे लिहिलेला होता, पण जिल्हा आणि एसटीडी कोड यांचा एकमेकांशी संबंध नाही. ठाणे शहर, नवी मुंबई, मीरा-भाईंदर यांना ०२२. पनवेल रायगड जिल्ह्यात, तरी ०२२. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूर ठाणे जिल्ह्यात, पण कोड ०२५१. भिवंडी ०२५२२, मुरबाड ०२५२४, शहापूर ०२५२७. वसई ०२५०. पालघर २०१४ मध्ये वेगळा जिल्हा झाला तरी त्याचा कोड होता तोच राहिला, ०२५२५.

चूक लक्षात आली ती मोजणीमुळे. भारतात पुढचं शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून नेहमी दहा आकडे होतात. ०२२ असेल तर २२ आणि आठ. ०२५१ असेल तर २५१ आणि सात. ०२५२२ असेल तर २५२२ आणि सहा. कोड जितका लांब, नंबर तितका आखूड. ०२२ लावलेल्या १९ नंबरांचे आकडे नऊच भरत होते. कोड चुकला की आकडा कमी किंवा जास्त भरतो, त्यामुळे यादी तपासायला यापेक्षा सोपी फूटपट्टी नाही.

पण नऊ भरणारे सगळेच डोंबिवलीचे नव्हते. २०१४ च्या यादीत काही नंबर त्याहून जुन्या वहीतून तसेच उतरवलेले होते, म्हणजे मुंबईचे नंबर सात आकडी होते तेव्हाचे. पुढे सरकारी लँडलाइनला सुरुवातीला २ जोडला गेला आणि आठ आकडे झाले. त्यामुळे सात आकडी नंबर दोन प्रकारचा असू शकतो. २ ने सुरू होत असेल तर तो बहुधा ०२५१ चा. ५ ने सुरू होत असेल (५४०, ५३६ वगैरे) तर जुना ठाण्याचा, पुढे २ लावला की २५४०, २५३६. ७ ने सुरू होत असेल तर जुना नवी मुंबईचा, तो २७ होतो. हे ‘बहुधा’ आहे, म्हणून प्रत्येक नंबर पत्त्याशी ताडून पाहिला. १९ पैकी १२ कल्याण-डोंबिवलीचे, ७ जुने ठाण्याचे.

यातले चार जुने वाटले तरी जुने नव्हतेच. फोनवर सांगताना ‘झीरो डबल टू, टू फाइव्ह फोर झीरो’ असं सांगितलं जातं. ओळीने तीन वेळा दोन आला की लिहिणारा एक दोन गिळतो आणि ०२२-५४०×××× उरतो. उपाय तोच, पुढे २.

संध्याकाळी आणखी एक सापळा. मोबाईल ओळखायचा नियम लावला होता: दहा आकडे आणि पहिला ६, ७, ८ किंवा ९. त्यात नागपूरचा एक लँडलाइन मोबाईल म्हणून बसला. नागपूरचा कोड ०७१२. शून्य गळलं की ७१२ आणि सात आकडे, दहा भरले आणि सुरुवात ७ ने. अमरावती ०७२१, अकोला ०७२४, अहमदाबाद ०७९, बंगळुरू ०८० यांचंही तसंच होतं. विदर्भातल्या नातेवाइकांचे नंबर असतील तर हा नियम डोळे मिटून लावू नका. असे सात निघाले, सगळे तातडीच्या रकान्यात, म्हणजे जिथे चुकून चालणार नाही तिथेच.

२८ जून

परदेशातले नंबर, १४. संख्या थोडी, डोकेदुखी भरपूर.

अमेरिकेतल्या मुलांनी आईवडिलांना ‘घरचा नंबर असा लावतो’ म्हणून ०११-९१-२२-… असं लिहून दिलेलं. ०११ हा अमेरिकेतून बाहेर फोन लावण्याचा आकडा, आणि आपल्याकडे तोच दिल्लीचा कोड. यादीत ते तीन नंबर ‘दिल्ली’ म्हणून पडले होते. मुलाचा म्हणून दिलेला नंबर प्रत्यक्षात ठाण्यातल्या त्याच घराचा होता! भारतातून बाहेर फोन लावायचा आकडा ००. मोबाईलवर + लावलं की तो प्रश्नच उरत नाही, जिथून लावाल तिथला योग्य आकडा नेटवर्क घालतं. म्हणून शीटमध्ये परदेशी नंबर फक्त + ने.

इंग्लंडचे नंबर +४४ (०) असे आले. कंसातला शून्य इंग्लंडच्या आत लावायचा, बाहेरून लावताना सोडायचा. आपलंही तेच: +९१ ०२२ हे चूक, +९१ २२ बरोबर. या एका शून्यावर दीड तास चर्चा झाली, कारण छापील लेटरहेडांवर +९१-०२२ सर्रास दिसतं आणि ‘इतके लोक चुकतील का’ असा मुद्दा निघाला. मोबाईलवरून दोन्ही लावून पाहिले आणि वाद मिटला.

मूळ रकाना इथे ठरला. प्रत्येक नंबर एकाच साच्यात, + आणि देशाचा कोड, मध्ये जागा नाही, रेघ नाही. बाकीचे रकाने त्यावरून सूत्राने काढायचे: ‘मोबाईलवरून’, ‘केबिनच्या फोनवरून’. एकच नंबर कुठून लावतोय यावर त्याचं रूप बदलतं. २१ जूनपर्यंत ते लक्षात आलं नव्हतं, म्हणूनच ‘बरोबर कसं लिहायचं’ यावर भांडणं होत होती.

५ जुलै

मूळ रकान्यात +९१ सूत्राने लावला. तो ११२ (तातडीची मदत), १९१२ (वीज तक्रार) आणि १८०० वाल्या (टोल-फ्री) नंबरांनाही लागला. असे ११ होते. टोल-फ्री नंबराआधी +९१ ही नाही आणि शून्यही नाही. १८०० चे नंबर काही दहा आकडी, काही अकरा आकडी असतात, त्यामुळे दहाची फूटपट्टी इथे चालत नाही. यांना वेगळा रकाना दिला आणि सूत्राच्या बाहेर ठेवलं. सायबर फसवणुकीसाठीचा १९३० ही तिथेच.

जाता जाता: गच्चीवरच्या सोलरच्या डेटा-लॉगरमधलं (नोंदी ठेवणाऱ्या यंत्रातलं) सिम तेरा आकडी नंबरचं आहे. २०१८ मध्ये ‘सगळ्यांचे मोबाईल नंबर तेरा आकडी होणार’ अशी आवई उठली होती, ती याच यंत्रांसाठीच्या सिमवरून. माणसांच्या मोबाईलना त्याचा काही संबंध नव्हता. तसंच २०२० मध्ये ‘मोबाईल नंबर अकरा आकडी होणार’ हे पसरलं, आणि त्या धास्तीने एका विंगच्या यादीत सगळ्या मोबाईलपुढे कायमचं शून्य लावून ठेवलेलं सापडलं. ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) मे २०२० मध्ये शिफारस केली होती ती लँडलाइनवरून मोबाईल लावताना ० लावण्याची. नंबर दहाचाच राहिला.

अंतिम वर्गवारी: भारतातले मोबाईल ३३८, ०२२ चे लँडलाइन ४१, इतर कोडांचे १९ (कल्याण-डोंबिवलीचे १२ आणि ते सात विदर्भ वगैरे), परदेशी १४, टोल-फ्री व तीन-चार आकडी ११, न वाचलेले ८.

६ जुलै

लावून तपासणी. एका सिमवरून सकाळपासून फोन लावायला घेतले. पन्नासेक झाल्यावर पुढच्या लोकांच्या स्क्रीनवर ‘स्पॅम’ दिसायला लागलं आणि कुणी उचलेना. दुपारनंतर उरलेले दोन जुन्या सिमवर वाटून घेतले, एका तासात पंधराहून जास्त नाहीत. त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर तपासणीचे दोन नंबर जाहीर केले. रिचार्ज ४०० रुपये. हे आदल्या दिवशी जाहीर करायला हवं होतं.

नंबर वाचून खात्री करण्याची पद्धतही सुधारावी लागली. मोबाईल जोड्यांनी सांगायची आपली सवय: अठ्ठ्याण्णव, वीस, एकोणसाठ. ‘एकोणसाठ’ ऐकलं की लिहिणाऱ्याचा हात साठच्या सहाकडे जातो आणि ६९ पडतो. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद सगळ्यांची तीच गत. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आणलं तेव्हा बरीच टीका झाली. भाषेचं काय ते भाषावाल्यांनी बघावं, पण फोनवर नंबर उतरवून घेणाऱ्याला त्यातली सोय पटेल. आम्ही एकेक आकडा, पाच-पाचच्या दोन गटांत सांगायचा ठरवला. ‘डबल’, ‘ट्रिपल’ बंद. ऐकणाऱ्याने परत वाचून दाखवायचा, सांगणाऱ्याने ‘हो हो’ म्हणून पुढे जायचं नाही.

चुका १४ मिळाल्या, त्यात नऊ एकोणवाल्या किंवा मराठी १-४ वाल्या.

१२ जुलै

केबिनचा फोन. हे काम यादीत नव्हतंच, पण सगळ्यात उपयोगाचं ठरलं.

केबिनमध्ये इंटरकॉमचा सेट आहे आणि त्यावरून ० दाबून सोसायटीची लँडलाइन मिळते. वॉचमनकडे मोबाईल लावायची यादी होती, पण सेटवरून मोबाईल लागतच नव्हते. ‘बिघडलाय’ म्हणून वर्षानुवर्षं तो तसाच पडून होता. बिघाड काहीच नव्हता. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठलाही मोबाईल लावताना आधी ० लावावं लागतं. इंटरकॉमच्या यंत्राने पहिलं ० बाहेरची लाइन घेण्यात खर्च केलं, आणि लाइनवर गेले नुसते दहा आकडे. मोबाईलसाठी दोन शून्यं हवीत: पहिलं ० यंत्रासाठी, डायल टोन आल्यावर दुसरं ० नेटवर्कसाठी.

दोन शून्यं दाबली तरी लागेना. केबिनचं एक्सटेन्शन ‘फक्त लोकल’ वर्गात होतं, म्हणजे बाहेरच्या लाइनवर ० ने सुरू होणारं काहीही बंद. एसटीडीचं बिल वाढू नये म्हणून कधीतरी केलेली ती सोय. २०२१ च्या आधी त्यातून मोबाईल जात होते, नंतर तीच कुलूप झाली. टेक्निशियन बोलावला, ८०० रुपये. त्याच्याकडून ०६, ०७, ०८, ०९ उघडून घेतले, ०० आणि ०१ ते ०५ बंदच ठेवले. ०७ उघडल्याने नागपूर आणि ०८ ने बंगळुरूही उघडतं, तेवढं चालवून घेतलं. ठाण्यातला लँडलाइन लावायला आठ आकडे पुरतात, त्यांना कुलपाचा त्रास नाही.

तो असतानाच ११२ दाबून पाहायला सांगितलं. शांतता. आमची एक्सटेन्शनं चार आकडी: पहिला आकडा इमारतीचा, पुढे फ्लॅट. ए इमारत १ ने सुरू होते, त्यामुळे ११२ दाबल्यावर यंत्र चौथ्या आकड्याची वाट बघत बसतं. ज्यांच्याकडे तीन आकडी एक्सटेन्शनं आहेत तिथे १०१ दाबलं तर अग्निशमन दलाऐवजी पहिल्या मजल्यावरच्या घरी घंटी वाजेल. आजच आपल्या इंटरकॉमवर हे करून बघा. टेक्निशियनने ११२ थेट बाहेर जाईल असं करून दिलं. १०१ ला अजून आधी ० लागतं, आणि केबिनच्या बोर्डवर तसंच लिहायचं ठरलं.

लिफ्टमधला आपत्कालीन डायलर याच यंत्राला जोडलेला आहे. त्यात साठवलेला नंबर होता ० आणि पुढे दहा आकडी मोबाईल. तोच दोष: एक शून्य कमी. बटण दाबल्यावर ‘डायल होतंय’ असा आवाज येत होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. चारही लिफ्टमध्ये नवीन नोंद केली: ०, दोन सेकंदांचा पॉज, ०, मोबाईल. पॉज नसेल तर डायल टोन यायच्या आधीच आकडे निघून जातात आणि पहिले एक-दोन गिळले जातात. ए, सी, डी चालू झाल्या. बी चा डायलर नोंद धरून ठेवत नाही, बहुधा आतली बॅटरी गेली असावी.

१९ जुलै

बोर्ड छापायला दिले. चार लॉबी बोर्ड, सनबोर्डवर विनाइल, प्रत्येकी २६० रुपये. चारही फुकट गेले, १,०४० रुपये.

छपाईवाल्याकडे जुना, युनिकोड नसलेला मराठी फॉन्ट. त्यात इंग्रजी आकडा टाइप केला की मराठी उमटतो, आणि + च्या जागी भलतंच चिन्ह येतं. पाठवलेल्या फाइलमधला मजकूर त्याने पुन्हा त्या फॉन्टमध्ये ओतला. सगळे नंबर मराठी आकड्यांत, + गायब. शिवाय ओळ पुरली नाही तिथे नंबर रेघेपाशी तुटून खालच्या ओळीत गेला, त्यामुळे ०२२ एका ओळीत आणि बाकीचा पुढच्या. पीडीएफच द्यायची, आणि त्याने हात लावायचा नाही हे आधी बोलून घ्यायचं. छापण्याआधी एका बोर्डचा साधा कागदी प्रिंट मागायचा, दहा रुपयांत काम होतं.

दुसऱ्या फेरीची रचना: मोबाईल पाच-पाच, ०२२ चा लँडलाइन कोड, जागा, चार-चार. रेघा आणि कंस नाहीत, फक्त जागा. आकडे इंग्रजी, कारण सेटच्या बटणांवर तेच आहेत आणि रात्रपाळीच्या वॉचमनला मराठी आकडे वाचता येत नाहीत. लॉबी आणि लिफ्टच्या बोर्डवर ‘मोबाईलवरून’ रकाना, केबिनच्या बोर्डवर ‘केबिनच्या फोनवरून’ रकाना, तिथे पहिलं शून्य लाल आणि दुसरं काळं. ‘लाल दाबा, टोन ऐका, मग काळं’ असं एका वाक्यात सांगता येतं. लॉबीच्या बोर्डवर रहिवाशांचे नंबर टाकले नाहीत, फक्त सेवांचे. रहिवाशांचे केबिनच्या कपाटातल्या वहीत, तेही ज्यांनी फॉर्मवर संमतीची सही केली त्यांचेच.

खर्च: लॉबी चार १,०४०, लिफ्टचे लहान चार ४८०, केबिन २६०. एकूण १,७८०.

२७ जुलै

बोर्ड लागले. रात्रपाळीच्या वॉचमनला बोर्ड बघून केबिनच्या सेटवरून तीन फोन लावायला सांगितले: एक मोबाईल, एक ठाण्याचा लँडलाइन, एक डोंबिवलीचा. पहिले दोन लागले. डोंबिवलीचा लागणारच नव्हता, ०२ आपणच बंद ठेवलाय. टेक्निशियनला फोनवर विचारून ०२५१ तेवढा उघडला. बोर्डवर त्या कोडाचे दोनच नंबर आहेत, दोन्ही रात्री उघडे असणाऱ्या दवाखान्यांचे.

२ ऑगस्ट

एकूण खर्च ४,८१२ रुपये: झेरॉक्स ७९२, वाया गेलेले बोर्ड १,०४०, लागलेले बोर्ड १,७८०, टेक्निशियन ८००, रिचार्ज ४००.

उरलेलं: न वाचलेल्या आठपैकी तीन नंबर अजून मिळालेले नाहीत, दोन घरं बंद आहेत. ०२२ च्या लँडलाइनपैकी पाच लावले की घंटी वाजत राहते, पण घरातले म्हणतात फोन केव्हाच परत केला. ते खोडले. बी च्या लिफ्टचा डायलर बदलायचाय, तोपर्यंत त्या लिफ्टच्या बोर्डवर केबिनचा मोबाईल मोठ्या अक्षरात चिकटवलाय. शीट सेक्रेटरींकडे दिली. मूळ रकाना लॉक केलाय, बदल करायचा तर फॉर्म भरून.